शिंपल्यातले गुलाबी धागे आणि बिनपगारी कॅथलीन ड्रू

आपल्या जळगावची टिश्यू कल्चर केळी तुम्हाला माहीतच असतील. ती इवली रोपं बाटलीत ज्या जेलीवर वाढतात, ती बहुतेक वेळा अगरची असते. अगर निघतं लाल शैवालातून. धुळ्यातल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास म्हणजेही अगरच. मी सॉफ्टवेअरवाला, पण या नादात लाल शैवालाबद्दल वाचत सुटलो आणि कॅथलीन ड्रू भेटल्या.

जन्म १९०१, इंग्लंडमधलं ली गाव. मँचेस्टर विद्यापीठात शिकल्या, तिथंच शिकवू लागल्या. १९२८ मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विद्यापीठ लग्न झालेल्या बाईला पगारावर ठेवत नसे. मग तिथंच बिनपगारी संशोधन. ऐकूनच डोकं तापतं.

या कामात रंग लागतो तो असा. लाल शैवालाची पेशी तशीच मायक्रोस्कोपखाली धरली तर तिचं स्वतःचं रंगद्रव्यच दिसतं, केंद्रक लपून राहतं. म्हणून आधी पेशी आहे त्या अवस्थेत स्थिर करायची, मग रंग द्यायचा. ॲसिटोकार्मिन हा कोचिनील किड्यापासून केलेला रंग केंद्रकाला धरतो. शैवाल शिंपल्याच्या आत शिरलेलं असेल तर आधी सौम्य ॲसिडनं शिंपल्याचा चुना विरघळवावा लागतो. मागे उरतात ते केसाहून बारीक धागे.

ड्रू बाई पोर्फायरा नावाच्या शैवालामागे लागल्या होत्या. सुशीभोवती गुंडाळतात ती नोरी याच्याच जातभाईंची. पोर्फायराचे बीजाणू उन्हाळ्यात जातात कुठे, ते कळत नव्हतं. त्यांनी बीजाणूंना निर्जंतुक शिंपले दिले. बीजाणू शिंपल्यात घुसले आणि त्यांचे गुलाबी धागे झाले! हे धागे 'काँकोसेलिस' नावानं वेगळं शैवाल म्हणून आधीच नोंदलेले होते. आमच्या भाषेत, एकाच युजरची दोन अकाउंट निघाली. १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये छोटासा लेख आला.

तिकडे जपानमध्ये युद्धानंतर नोरीचं पीक बुडत होतं. बी कुठून येतं तेच ठाऊक नाही, मग पेरणार काय? सोकिची सेगावा या शास्त्रज्ञानं ड्रू बाईंचा शोध उचलला. शिंपल्यांत धागे वाढवायचे, त्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर धरायचे आणि जाळी समुद्रात लावायची, अशी शेती उभी राहिली.

बाई १९५७ मध्ये गेल्या. १९६३ मध्ये उतो इथं त्यांचं स्मारक झालं, आणि आजही दर १४ एप्रिलला नोरीवाले तिथं जमतात. बाई स्वतः जपानला कधीच गेल्या नव्हत्या.