लग्न न केलेल्या संताचा लग्नविचार

आमच्या भद्रावतीकडे लग्नसराई आली, की नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू दिसते. नजर लागू नये म्हणून. हळदीला सुवासिनीच पुढे होतात. विधवा आई दाराआड उभी राहते. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हा विचार करताना मला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र आठवते. ते स्वतः अविवाहित राहिले. पण गावातल्या लग्नांची चिंता त्यांनी वाहिली.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. कोवळ्या वयातच घर सोडून ते चिमूरकडच्या रामदिघीच्या जंगलात राहिले. पुढे खंजिरी घेऊन त्यांनी गावोगाव भजने केली, मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत वैवाहिक जीवनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. हुंडा आणि कर्ज काढून केलेला थाट यांवर त्यांनी कठोर टीका केली. साध्या, सामुदायिक विवाहाचा मार्ग दाखविला. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर, १९६१ मध्ये आला.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडताना आमची दोन एकर जमीन गेली. कट्यारीला लिंबू होते, मुहूर्तही पंचांग पाहून काढला होता. पण सावकाराची नजर काही टळली नाही. मांडव, हळद, बायकांची गाणी यांत गावाचा आनंद आहे, तो राहावा. परंतु जी रीत आईला दाराआड उभी करते आणि बापाला सावकाराच्या दारी नेते, ती सोडलीच पाहिजे, असे मला वाटते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले. आज त्यांच्या नावाने जयंती, पुण्यतिथी होते. पण मित्रांनो, मी आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात आलेला मुलगा. बी. ए. झाल्यावर माझा हुंडा किती वाढेल, याचा हिशेब नातेवाईक आतापासूनच करू लागले आहेत. त्यांना मी नाही म्हटले आहे. तुम्हीही म्हणाल ना?