भारत मोजायला निघालेला लॅम्बटन हिंगणघाटात कसा पोहोचला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वडकीवरून नागपूरकडे निघालं, वर्धा नदी ओलांडली की पुढे हिंगणघाट. इथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट. त्याचं नाव १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटन विस्मरणात गेला.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्यानं शंभर फुटी पोलादी साखळीनं आधाररेषा मोजायला घेतली. लांबी सुमारे १२ किलोमीटर. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं निघतात. म्हणजे पुढचं काम मुख्यतः कोन मोजायचं. पण त्यासाठीचं थिओडोलाइट होतं अर्ध्या टनाचं! टेकडी, बुरूज, गोपूर, जिथून लांबचं दिसेल तिथे ते चढवायचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर नेताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. दुसऱ्या कुणी काम गुंडाळलं असतं. लॅम्बटननं तंबूत बसून वाकलेलं चक्र सहा आठवडे खपून सरळ केलं.

हेतू पृथ्वीचा नेमका आकार काढण्याचा होता. नकाशाचा फायदा अर्थात कंपनी सरकारला. त्रिकोणांची रांग ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिली. यवतमाळ शहरही याच रेखांशाजवळ आहे.

हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीच्या आसपासच्या लॅम्बटनचा हिंगणघाटात मृत्यू झाला. सूत्रं एव्हरेस्टकडे गेली. वऱ्हाड ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशी ही मोजणी पूर्ण व्हायला १८४१ उजाडलं.