कोण होते ‘एहा’? जकात खात्यातला कीटकवेडा अधिकारी

दिव्यावर आलेला नखाएवढा पतंग कोणता, हे नुसत्या फोटोवरून अनेकदा सांगता येत नाही. त्याची अळी कोणत्या झाडावर वाढली हे माहीत असेल, तर ओळख सोपी होते. कीटक असे अळीपासून ओळखणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. टोपणनाव ‘एहा’.

साताऱ्यात जन्म, रत्नागिरीत नोकरी
जन्म १८५१ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून १८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात लागले. उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा अशा बदल्या झाल्या. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासोबत तेही होते.

अळीपासून ओळख
उत्तर कानड्यात डेव्हिडसन आणि बेल यांच्यासह त्यांनी फुलपाखरांच्या अळ्या, कोश आणि त्यांची खाद्यझाडे नोंदवली. पुढे गोव्याच्या सीमेवर मलेरियाचा तपास करताना त्यांना अनोळखी डास मिळाला. तज्ज्ञांनी तो नवा ठरवला आणि एटकेन यांचेच नाव दिले: ॲनॉफिलिस एटकेनी. १९०९ मध्ये एडिनबर्गला त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?
नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि झाडाचे नाव लिहा. चिठ्ठी नसेल, तर नीट जपलेला पतंगही अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.