आधी समेट, मग समृद्धी

आग्नेय आशियातील राष्ट्रांच्या भरभराटीची चर्चा निघाली की कारखाने, बंदरे आणि निर्यातीचे आकडे पुढे केले जातात. परंतु ज्या मुत्सद्द्यांनी वैरी शेजाऱ्यांत समेट घडविला, त्यांचे श्रेय सहसा विसरले जाते. इंडोनेशियाचे आदम मलिक हे त्यांपैकी एक.

१९१७ साली सुमात्रातील पेमातांगसियांतार येथे जन्मलेल्या मलिक यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. डच अमदानीत, १९३७ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसमवेत 'अंतारा' ही वृत्तसंस्था स्थापन केली. वृत्तपत्रकाराची वास्तवदृष्टी त्यांना पुढे राजकारणातही उपयोगी पडली.

१९६६ च्या मार्चमध्ये परराष्ट्रखाते त्यांच्या हाती आले तेव्हा देशाची अवस्था शोचनीय होती. सुकार्नो यांनी १९६३ पासून मलेशियाविरुद्ध संघर्ष मांडला होता, संयुक्त राष्ट्रसंघाचा त्याग केला होता आणि महागाई वर्षाला ६०० टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. घर सावरायचे तर कुंपणावरचे भांडण मिटविणे प्राप्त होते. मलिक यांनी मलेशियाचे तुन अब्दुल रझाक यांच्याशी बँकॉकमध्ये वाटाघाटी केल्या आणि ऑगस्टमध्ये जकार्ता येथे करार झाला. त्यानंतर वर्षभरातच, ८ ऑगस्ट १९६७ रोजी, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स व थायलंड यांनी 'आसियान'ची स्थापना केली. सर्वांत मोठे राष्ट्र बरोबरीच्या नात्याने पंक्तीला बसले, हीच लहानांना खरी हमी होती. १९७१ मध्ये तर राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्षपद मलिक यांच्याकडे आले.

व्यापारातील सहकार्याची फळे मात्र सावकाश आली. १९७७ च्या जकात-सवलतींनी फारसे साधले नाही; मुक्त व्यापारक्षेत्राचा करार १९९२ मध्ये झाला. मलिक १९८४ मध्येच निवर्तले होते.

या चरित्राला एक काळी बाजूही आहे. १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले, तेव्हा परराष्ट्रमंत्री मलिकच होते. शेजाऱ्याच्या कारभारात हात घालायचा नाही, या दंडकाआड आसियानमधील सोबत्यांनी त्याचा जाब विचारला नाही. तिमोरच्या जनतेने त्याची जबर किंमत मोजली. २००२ मध्ये स्वतंत्र झालेला तोच देश ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचा अकरावा सदस्य झाला. शेजारधर्माने समृद्धीची वाट मोकळी होते, हे मलिक यांनी दाखविले. परंतु त्या धर्मातून दुर्बळाला वगळले तर समेट अपुराच राहतो, हेही त्यांच्याच कारकिर्दीने शिकविले.