थिओडोर ड्रायझर
थिओडोर ड्रायझर (२७ ऑगस्ट १८७१ – २८ डिसेंबर १९४५) हे अमेरिकन कादंबरीकार व पत्रकार होते. इंडियाना राज्यातील टेरे हॉट येथे एका मोठ्या, दरिद्री कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील जर्मनीतून आलेले विणकर व कर्मठ कॅथलिक होते. त्यांची लोकरीची गिरणी आगीत जळाली आणि त्या आघातातून ते कधीच सावरले नाहीत. आई सारा यांनी गावे बदलत, लोकांचे कपडे धुऊन मुले वाढवली.

ड्रायझर यांना विद्यापीठात एकच वर्ष शिकता आले, तेही मिल्ड्रेड फील्डिंग या पूर्वीच्या शिक्षिकेने खर्च उचलल्यामुळे. अशा शिक्षिका इतिहासात सहसा नोंदल्या जात नाहीत. पुढे ते शिकागोत वार्ताहर झाले.

त्यांची बहीण एमा एका विवाहित पुरुषाबरोबर पळून गेली. त्याने मालकाच्या पैशांचा अपहार केला होता. घरची ही नामुष्की ड्रायझर यांनी 'सिस्टर कॅरी' (१९००) या पहिल्या कादंबरीचे बीज म्हणून वापरली. नायिकेला तिच्या वर्तनाची शिक्षा होत नाही, म्हणून प्रकाशकच बिचकले. केवळ करारापोटी त्यांनी पुस्तक काढले आणि त्याच्या पाचशेही प्रती खपल्या नाहीत. ड्रायझर खचले. न्यूयॉर्कमध्ये अन्नान्न दशेत असताना थोरले बंधू पॉल यांनी त्यांना आरोग्यधामात पाठवले. पॉल हे लोकप्रिय गीतकार होते व आडनाव 'ड्रेसर' असे लावत. १९०६ मध्ये तेही निर्धन अवस्थेत वारले. त्यांचे वॉबॅश नदीवरील गीत १९१३ पासून इंडियानाचे राज्यगीत आहे.

'ॲन अमेरिकन ट्रॅजेडी' (१९२५) या कादंबरीने ड्रायझर यांना पैसा व कीर्ती मिळवून दिली. तिचा नायकही गरीब, धर्मनिष्ठ घरातून पळू पाहणारा मुलगाच आहे.