पतंगापलीकडच्या ग्रेस हॉपर

संगणकाच्या आज्ञावलीत दडून बसलेल्या चुकीला बग म्हणतात आणि ती हुडकून दुरुस्त करण्याच्या कामाला डीबगिंग. बँकेच्या खात्यातील शिल्लक चुकीची दिसो किंवा एकच आसन दोन प्रवाशांच्या नावे नोंदले जावो. अशा वेळी कुठल्या तरी कार्यालयात डेटाबेसच्या आज्ञावल्यांवर डोळे रोखून कोणीतरी हा किडा शोधत बसलेले असते. या शब्दाच्या जन्माची गोष्ट निघाली, की अमेरिकी नौदलाच्या अधिकारी आणि गणितज्ञ ग्रेस हॉपर यांचे नाव हमखास घेतले जाते. हार्वर्ड विद्यापीठातील संगणकात त्यांना एक मेलेला पतंग सापडला आणि तेव्हापासून बग हा शब्द रूढ झाला, अशी ती गोष्ट.

गोष्ट रंजक आहे; पण ती अर्धीच खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी दुपारी पावणेचार वाजता मार्क-२ या यंत्राच्या ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये पतंग अडकलेला आढळला, हे खरे. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवण्यात आला आणि खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाचा मिस्कील शेरा त्याखाली लिहिला गेला. परंतु तो पतंग शोधला यंत्रावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी, आणि शेऱ्यातील गंमतच सांगते की यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत आधीपासून होती. थॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच हा शब्द त्या अर्थाने वापरला होता. हॉपर यांनी ही हकीकत आयुष्यभर व्याख्यानांतून रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावाला चिकटली. त्यांचे खरे काम मात्र या पतंगाहून कितीतरी मोठे होते.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहण्यासाठी ग्रेसने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातील सात घड्याळे खोलून झाली, तेव्हा आईने तिला पुढच्या प्रयोगांसाठी एकच घड्याळ नेमून दिले. व्हॅसर महाविद्यालयातून १९२८ मध्ये पदवी घेऊन त्या येल विद्यापीठात गेल्या आणि १९३४ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. त्या काळात स्त्रियांच्या वाट्याला हा मान क्वचितच येत असे. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. व्हॅसरमध्ये त्या गणित शिकवू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाने हा संथ प्रवाह बदलला. नौदलात जाण्यासाठी हॉपर यांचे वय अधिक होते आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी. विशेष सवलत मिळवून त्या डिसेंबर १९४३ मध्ये राखीव दलात दाखल झाल्या, प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड येथे हॉवर्ड एकेन यांच्यापुढे हजर झाल्या. तिथे उभे होते ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच मार्क-१ हे यंत्र. त्यात ७२ संख्या साठवता येत आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लागत. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर छिद्रे पाडून. एक छिद्र चुकले, तरी युद्धनौकेवरील तोफेचे कोष्टक चुकणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल या सहकाऱ्यांसोबत काम करताना हॉपर यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्रिकोणमितीची फलिते, वर्गमूळ असे काही हिशेब पुन्हा पुन्हा लागत. एकदा तपासून बिनचूक ठरलेला सूचनांचा तुकडा ही मंडळी वहीत जपून ठेवत आणि गरज पडली, की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. पण उतरवताना हमखास चुका होत. एखादे अक्षर आकड्यासारखे वाचले जाई. नव्या जागेनुसार क्रमांक वाढवायचे, ती बेरीज चुके. मूळ तुकडा निर्दोष असूनही नवी आज्ञावली सदोष निघे. माणसाने कितीही काळजी घेतली, तरी नक्कल करताना तो चुकणार, हा धडा त्या इथे शिकल्या.

युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, हॉपर यांचा घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. युनिव्हॅक हा व्यापारी उपयोगाचा संगणक तिथे आकार घेत होता. कंपनीची आर्थिक स्थिती डळमळीत होती आणि पुढल्याच वर्षी ती रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीकडे गेली. ही वर्षे हॉपर यांना फार जड गेली. मद्याच्या आहारी जाऊन त्या खचल्या होत्या; सहकाऱ्यांच्या आधाराने त्या त्यातून सावरल्या.

याच काळातला एक प्रसंग त्या पुढे हसत सांगत. कंपनीतील बायनॅक या यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ या आठच अंकांत, हिशेब करण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. काही दिवसांनी त्यांच्या बँक खात्याचा मेळ बसेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने संध्याकाळी बसून नोंदी तपासल्या, तेव्हा बहिणीने मधूनमधून अष्टमानात वजाबाक्या केल्याचे उघड झाले. गणिताची डॉक्टरेट असलेली व्यक्ती यंत्राच्या भाषेत विचार करू लागली, की स्वतःच्याच खात्यात चुकते. मग यंत्राने माणसाच्या भाषेकडे का येऊ नये, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

१९५२ च्या सुमारास त्यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. तपासलेले सूचनांचे तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे, प्रत्येकाला एक सांकेतिक नाव द्यायचे आणि ते नाव लिहिले, की यंत्राने स्वतःच तो तुकडा उचलून योग्य जागी जोडायचा, अशी तिची रचना. नकलेचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिल्याने चुकांचा एक मोठा उगमच बंद झाला. या प्रणालीला त्यांनी कम्पायलर म्हटले. संगणक केवळ अंकगणित करतो, तो आज्ञावली लिहू शकणार नाही, असे म्हणून अनेकांनी सुरुवातीला त्याकडे पाठ फिरवली.

हॉपर थांबल्या नाहीत. व्यापारी कार्यालयांतील माणसे बीजगणिताच्या चिन्हांत विचार करत नाहीत, ती पगार, साठा, किंमत या शब्दांत विचार करतात, हे त्यांनी हेरले. त्यांच्या गटाने तयार केलेल्या फ्लो-मॅटिक या भाषेत सूचना साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता येत. हेच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही जमते, असे त्यांनी करून दाखवले, तेव्हा वरिष्ठ मंडळी प्रभावित होण्याऐवजी बिचकली.

मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक व्यापारी भाषा घडवण्याचे ठरले. त्यातून कोबोल जन्मली. तिचा आराखडा समितीने तयार केला, त्यात जीन सॅमेट यांच्यासारख्या तज्ज्ञांचा मोठा वाटा होता. हॉपर सल्लागार होत्या. मात्र फ्लो-मॅटिकची छाप तिच्यावर स्पष्ट होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली युनिव्हॅक आणि आरसीए या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली.

फ्लो-मॅटिककडून कोबोलला मिळालेला एक वारसा चूक शोधणाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचा ठरला. माहितीचे वर्णन एका विभागात आणि तिच्यावर करायची प्रक्रिया दुसऱ्या विभागात, अशी त्यात फाळणी होती. नाव किती अक्षरांचे, रक्कम किती अंकांची, हे एकाच ठिकाणी लिहिलेले असे. बेरीज चुकली, तर दोष माहितीच्या मांडणीत आहे की हिशेबाच्या रीतीत, हे वेगवेगळे तपासता येऊ लागले. पुढे याच समितीच्या छत्राखालील गटाने १९६९ आणि १९७१ मध्ये डेटाबेसच्या रचनेविषयी अहवाल दिले. माहिती आणि आज्ञावली वेगळी ठेवण्याचे तत्त्व डेटाबेस क्षेत्राचा पाया बनले.

नौदलाने १९६६ मध्ये हॉपर यांना निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले. हे सहा महिने जवळजवळ दोन दशके लांबले. नावाला कोबोल एकच असली, तरी प्रत्येक उत्पादकाची बोली निराळी झाली होती. एका यंत्रावर बिनचूक चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडखळे. हॉपर यांच्या गटाने चाचणी-आज्ञावल्यांचा संच तयार केला. कम्पायलर प्रमाण भाषेशी प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावर पारखले जाऊ लागले. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल पदावरून त्या निवृत्त झाल्या. तेव्हा सक्रिय सेवेतील त्या सर्वांत वयोवृद्ध नौदल अधिकारी होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचे प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मरणोत्तर देण्यात आले.

कोबोलवर टीकाही पुष्कळ झाली. विद्यापीठीय पंडितांना ती शब्दबंबाळ वाटली. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याची छिद्रित कार्डांच्या काळातील काटकसर तिच्या असंख्य आज्ञावल्यांत मुरली आणि २००० साल जवळ येताच जगाला धडकी भरली. त्या वेळी हे दोन अंक शोधून दुरुस्त करण्याच्या कामाला भारतातील हजारो तरुण लागले. मुंबई-पुण्यातील अनेकांच्या परदेशवारीची सुरुवात त्यातूनच झाली. तीस-तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातील अनोळखी माणसाने लिहिलेली आज्ञावली त्यांना वाचता आली आणि तिच्यातील दोष हुडकता आला, कारण ती माणसाला वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेली होती.

स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपलेला तो पतंग एका दुपारच्या गमतीची आठवण आहे. चूक करणाऱ्याला दोष देत बसण्यापेक्षा ती घडण्याची वाट बंद करावी आणि तरीही घडलीच, तर ती उद्याच्या परक्या माणसालाही दिसेल असे लिहावे, ही हॉपर यांच्या कामाची खरी शिकवण. डेटाबेसच्या आज्ञावलीत रात्री उशिरापर्यंत किडा शोधणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आजही तेच हत्यार आहे.