युसुफ मेहेरअली : पुस्तकातून रस्त्यावर आलेला तरुण

मुंबईत मशीद बंदरला होलसेल खरेदीसाठी गेलेल्या प्रत्येकाने ‘युसुफ मेहेरअली रोड’ ही पाटी कधी ना कधी वाचलेली असते. दुकानाच्या बिलावर, माल पाठवायच्या पत्त्यावर हे नाव रोज लिहिलं जातं. पण हे युसुफ मेहेरअली कोण, असं आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या दोन घोषणा मात्र त्याला शाळेपासून पाठ असतात. या दोन्ही घोषणा याच मुंबईकर मुसलमान तरुणाच्या नावावर आहेत.

23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईतल्या एका सधन मुस्लिम व्यापारी घराण्यात युसुफ यांचा जन्म झाला. मुंबईतल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांशी या घराण्याचा संबंध होता. पैसा होता, ओळखी होत्या. अशा घरातल्या मुलाने शिकावं, धंदा सांभाळावा आणि सरकारशी वाकडं घेऊ नये, हीच त्या काळची रीत. युसुफ यांनी शिक्षण पूर्ण केलं. बाकीची रीत मात्र पाळली नाही.

वाचनाचं वेड

भरडा हायस्कूलमधून ते एल्फिन्स्टन कॉलेजात आले. इतिहास आणि अर्थशास्त्र हे त्यांचे विषय. देशोदेशीच्या तरुणांच्या चळवळी कशा उभ्या राहिल्या, लोक गुलामीतून कसे बाहेर पडले, याची त्यांना विलक्षण ओढ होती. इतिहास वाचताना आपला देश गुलाम का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि अर्थशास्त्र वाचताना शेतकरी आणि गिरणी कामगार गरीब का, हा. गंमत म्हणजे हा दुसरा प्रश्न गिरणीवाल्या घरातल्या मुलाला पडला होता. आपल्या सुखाचा हिशेब तपासायला लावणारा हा प्रश्न होता, आणि युसुफ यांनी तो टाळला नाही.

1928 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे यूथ लीग’ स्थापन केली. त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरणार होतं. हिंदुस्थानच्या कारभाराचं भवितव्य ठरवायला आलेल्या या कमिशनमध्ये एकही हिंदुस्थानी माणूस नव्हता. होड्या घेऊन समुद्रातच त्यांना गाठायचं, असा युसुफ आणि त्यांच्या साथीदारांचा बेत होता. तो फुटला आणि पोलिसांनी नाकेबंदी केली. मग ही पोरं हमालांचे कपडे घालून थेट बंदरातल्या मोल स्टेशनवर पोचली. कमिशनचे गोरे सभासद समोर येताच ‘सायमन गो बॅक’चा गजर झाला. लाठ्या पडल्या, पण पोरं हटली नाहीत. ती घोषणा पुढे देशभर गेली. तेव्हा युसुफ यांचं वय होतं 24.

याची किंमत लगेच मोजावी लागली. 1929 मध्ये त्यांनी गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, पण त्यांच्या राजकारणामुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. आपल्याकडे आजही मुलगा वकील झाला की मोहल्ल्यात मिठाई वाटतात. तेव्हा त्या घरात काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तुरुंगातही अभ्यास

पुढे मिठाच्या सत्याग्रहात शिक्षा झाली. त्यानंतर 1932 मध्ये पुन्हा अटक होऊन ते नाशिकच्या तुरुंगात आले. तिथे तरुण कैद्यांमध्ये समाजवादावर वाचन आणि वादविवाद चालत. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी याच काळात एकत्र आली. त्यातूनच 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. युसुफ त्याच्या संस्थापकांपैकी एक. इंग्रज गेल्यावर गरिबाच्या ताटात काय पडणार, हा या पक्षाचा सवाल होता. धर्माच्या नावावर देशाचे तुकडे पाडणं त्यांना मान्य नव्हतं. मुस्लिम लीगचा जोर वाढत असतानाही ते आपल्या मतावर ठाम राहिले.

वाचनाची गोडी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. तरुणांनी काय वाचावं, याचा अभ्यासक्रमच त्यांनी 1937 मध्ये पुस्तकरूपाने काढला. 1938 मध्ये अमेरिकेत जागतिक युवक परिषद भरली, तिथे हिंदुस्थानच्या प्रतिनिधी मंडळाचं नेतृत्व त्यांनी केलं. बाहेरच्या देशांत आपल्या प्रश्नांवर आणि पुढाऱ्यांवर वाचायला फारसं काही मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. परत आल्यावर कुरकुर करत बसण्यापेक्षा त्यांनी पुस्तिकांची मालिकाच सुरू केली. गुजराती, हिंदी, उर्दू वाचकांपर्यंतही ती पोचवली. पुढे कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या लेखनाचं ‘अ‍ॅट द क्रॉसरोड्स’ हे पुस्तक त्यांनीच संपादित केलं.

महापौर आणि ‘क्विट इंडिया’

1942 मध्ये मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. सुटून आले आणि निवडून आले. वय 38, तोवरचे सर्वांत तरुण महापौर.

त्याच वर्षी गांधीजी शेवटच्या लढ्यासाठी नेमका शब्द शोधत होते. शांतिकुमार मोरारजी यांनी सांगून ठेवलेल्या हकिकतीनुसार, कुणीतरी सुचवलेला शब्द गांधीजींना उद्धट वाटला, म्हणून तो बाजूला पडला. मेहेरअलींनी दिलेले दोन शब्द मात्र त्यांनी उचलले : ‘क्विट इंडिया’. याच नावाची मेहेरअलींची पुस्तिका काही आठवड्यांत संपली. 8 ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. मेहेरअली पुन्हा आत. आयुष्यात एकूण आठ वेळा त्यांनी तुरुंग पाहिला.

एक नकार

घोषणा सगळ्यांना माहीत आहेत. पण या माणसाची खरी ओळख पटते ती तुरुंगातल्या एका प्रसंगातून, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

कैदेत असताना 1943 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात खास उपचार देऊ केले. त्यांनी अट घातली : तुरुंगातल्या आणखी दोन आजारी स्वातंत्र्यसैनिकांनाही हीच सोय मिळाली पाहिजे. सरकार ऐकेना. मग त्यांनीही जायला नकार दिला. बोलून-चालून गिरणीवाल्या घरचा मुलगा. सवलत घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तरुणपणी पुस्तकं वाचून जी समता पटली होती, ती छातीत कळ येत असतानाही त्यांनी सोडली नाही. त्याच वर्षी त्यांची सुटका झाली, पण तब्येत कायमची खालावली.

1949 मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. पण 2 जुलै 1950 रोजी, वयाच्या अवघ्या 46व्या वर्षी त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईतल्या ट्राम, बस आणि लोकल काही मिनिटं जागच्या जागी थांबल्या होत्या.

1961 मध्ये त्यांच्या नावाने युसुफ मेहेरअली सेंटर स्थापन झालं. पनवेलजवळच्या तारा गावात आरोग्य, शिक्षण आणि ग्रामोद्योगाचं काम या संस्थेने उभं केलं.

आज आपल्या घरातलं एखादं मूल जास्त प्रश्न विचारू लागलं की आपण घाबरतो. गप्प बस, आधी करिअर बघ, नसत्या भानगडीत पडू नकोस, असं सांगतो. ही भीती खोटी नाही. मेहेरअलींना त्यांच्या प्रश्नांपायी सनद मिळाली नाही, तब्येत गेली, आयुष्यही कमी मिळालं. पण त्यांना गप्प बसवलं असतं तर घर आणखी एका वकिलाला किंवा व्यापाऱ्याला मिळालं असतं, आणि देश ‘क्विट इंडिया’ला मुकला असता. पुढच्या वेळी मशीद बंदरला गेलात तर मुलांना बरोबर न्या. पाटीसमोर दोन मिनिटं थांबा, आणि त्यांनी काही विचारलं तर उत्तर द्या.